साठेबाईंचा ‘प्रकार’

साठेबाई कोड परत पाठवायच्या तेव्हा कारण एका ओळीत लिहायच्या. माझ्या पहिल्याच कोडवर शेरा होता, ‘आपण प्रोग्रॅम लिहिला आहे की बोहारणीचं गाठोडं बांधलं आहे?’

बाई आमच्या टीमच्या प्रमुख, निवृत्तीला चार महिने राहिलेले. मी प्रोबेशनवर. काम होतं कात्रजच्या बाजूच्या एका इस्पितळाचं. पेशंटची माहिती मी एका डिक्शनरीत ठेवली होती: ‘नाव’, ‘वजन’, ‘जन्मतारीख’, आणि प्रत्येकापुढे त्याची नोंद. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आत आकडा येणार की मजकूर, हा ‘प्रकार’ आधी सांगावा लागतो. मी सरसकट ‘ऑब्जेक्ट’ लिहून मोकळा झालो. ऑब्जेक्ट म्हणजे काहीही चालेल.

“काहीही म्हणजे नेमकं काय?”

“फ्लेक्सिबल आहे, मॅडम.”

“वजन फ्लेक्सिबल असतं का हो? मग मी रोज जिने कशाला चढते? प्रत्येक गोष्टीचा प्रकार लिहा.”

असं सात वेळा. डोक्याला नुसता ताप! शेवटी वैतागून मी परस्पर मॅनेजरकडे गेलो. बाईंमुळे काम रखडतंय म्हटलं. मॅनेजरनी कोड पास करून टाकला.

तिसऱ्याच दिवशी इस्पितळातून फोन. नर्सने ताप आलेल्या तान्ह्या बाळाचं वजन टाइप केलं होतं, ‘पावणेतीन’. आता असं कोण लिहितं? पण आमच्या घरी तरी दुसरं काय बोलतात! काहीही चालेल म्हटलेलं, म्हणून डिक्शनरीने ते मुकाट्याने ठेवून घेतलं, आणि औषधाचा डोस काढायच्या वेळी आकडा मिळेना म्हणून प्रोग्रॅम बंद पडला. नर्सने कागदावर डोस काढला, म्हणून निभावलं.

चूक कोणाची, ते मॅनेजरनी बाईंकडून लेखी मागितलं. नोकरी गेली असं धरून मी ड्रॉवर रिकामा केला. बाईंनी लिहिलं, ‘चूक माझी. धोका मला दिसत होता. नव्या माणसाला तो नीट समजावायचा सोडून मी टोमणे मारले.’

मी त्यांच्या टेबलाशी गेलो. “मॅडम, मी तुम्हाला डावलून वर गेलो होतो. ते का नाही लिहिलंत?”

“ते तुम्हाला ठाऊक आहे ना? मग कागदाला कशाला सांगायचं?” म्हणाल्या, आणि डबा उघडून जेवायला बसल्या.

माझी नोकरी पक्की झाली, बाई निवृत्त झाल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते, तर मीही मनातल्या मनात भांडून घेतलं असतं आणि विसरलो असतो. बाईंनी माझी तेवढीही सोय ठेवली नाही.