आठ सुपाऱ्या

मुलीच्या ग्रहशांतीला मी पाटावर आठच सुपाऱ्या मांडल्या. विसरून नाही, चांगल्या मोजून. अडाणी बाईच्या हातून ही चूक झालीच नसती, असल्या चुकीला बी.एस्सी. लागते.

वीस वर्षं होत आली. तेव्हा मी राजपुऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि जगाला शहाणं करायचा मक्ता माझ्याकडेच आहे असं समजायचे. लग्नाआधीच्या पावसाळ्यात बातमी आली, की खगोलशास्त्रज्ञ जमले, हात वर करून मतं दिली आणि प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. आमच्या हिंदी मुलखातल्या पेपरात त्याला यम म्हणतात. ग्रहासाठी अटी तीन: सूर्याभोवती फिरावं, अंगानं गोल असावं आणि आपल्या वाटेवरचा कचरा साफ केलेला असावा. तिसऱ्या अटीत बिचारा नापास. मी हे वर्गात सांगितलं, शेजारणींना सांगितलं, केळी विकणारीलाही थांबवून सांगितलं.

माझ्या सासूबाई मात्र तिन्ही अटींत पास. देवघराभोवती फिरायच्या, अंगानं गोल होत्या, आणि त्यांच्या वाटेत उभं राहायची कोणाची टाप नव्हती. चोवीस वर्षांत पूजेच्या मांडणीला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता. पुस्तकवाल्या सुनेनं दुर्वा निवडाव्यात, बस. मुलीच्या लग्नात मी हट्टच धरला, की आदल्या दिवशीची ग्रहशांती मी मांडणार. त्या म्हणाल्या, मांड. नीट झाली तर उद्याचंही तुझं, नाही तर दुर्वा आहेतच.

लाल कापड अंथरलं, तांदळाच्या आठ ढिगल्या, त्यांवर आठ सुपाऱ्या. इच्छापूरचे गुरुजी सूर्यापासून एकेकाला बोलावत राहूपर्यंत आले आणि अक्षता त्यांच्या हातातच राहिल्या. केतूला कुठे बसवू, म्हणाले. मी पदर खोचून समजावलं, की गुरुजी, ग्रह आता आठच आहेत, एकाला काढून टाकलंय.

"कोणाला काढलं, मॅडम?"

"यमाला," मी म्हटलं. खणखणीत, मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

लग्नघरात, हळद लागलेल्या मुलीसमोर, यमाचं नाव. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांची लाटणी थांबली. सासूबाईंनी डोळे मिटले. गुरुजी शांतपणे म्हणाले, की आमच्या नवांत तो कधी नव्हताच. आमच्याकडे सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत. मग हळूच विचारलं, तुमच्या पुस्तकात सूर्य ग्रह आहे का?

आता काय सांगू. सूर्य तारा आहे, चंद्र उपग्रह आहे, हे मीच पोरांकडून घोकून घेत होते. पण डोक्यात दोन डबे होते, एक शाळेचा, एक देवघराचा. दोन्हींवर नऊ लिहिलेलं, म्हणून आतला माल एकच असं धरून चालले. दोन्ही झाकणं एकदम कधी उघडलीच नाहीत. हल्ली नात मला सांगते, की शास्त्रज्ञांचंही अजून मिटलेलं नाही. वाट साफ म्हणजे नेमकी किती साफ, यावर त्यांची तंटेबाजी चालूच आहे. ऐकून मला फार बरं वाटतं. शिकलेली माणसं एका शब्दावर अडून बसतात, मी एकटीच नाही.

त्या दिवशी मात्र मान खाली घालून नववी सुपारी आणून दिली. मुलगी इतकी हसली की गालावरची वाळलेली हळद तडकली. पूजा संपेपर्यंत मी स्वयंपाकघरात लपून राहिले, आणि सासूबाई येताना दिसल्या तशी स्वतःहूनच दुर्वांची टोपली पुढे ओढली. त्यांनी ती पायानं बाजूला सारली.

"राहू दे वं माय त्या दुर्वा. नऊ गिनता नाही आले, नाही आले. दहावा ग्रह उद्या घोड्यावर बसून येतोय, त्याला काही तुझे शास्त्रज्ञ काढू शकत नाहीत. त्याला ओवाळायचं ताट तूच कर."