हर्राजात निघालेला हात

जहागीरदार वारले आणि वारसांनी नौबादच्या हवेलीतलं सगळं सामान हर्राजात काढलं. लिलावाला आमच्याकडे हर्राजच म्हणतात. मी त्या घरी कारकून होतो, म्हणून वस्तूंची यादी माझ्याकडे. पलंग, हंडे, झुंबरं, घड्याळं असं खोलीवार लिहीत गेलो. एका चित्रापाशी मात्र टाक थांबला.

ते जहागीरदारांच्या पुतण्यानं काढलेलं. त्याला मुंबईच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं, वर्तमानपत्रात छापून आलं होतं, आणि ते घ्यायला मुंबईचा एक व्यापारी मुद्दाम आला होता. चित्र बाईचं; पण तोंड अर्धं हिरवं, अर्धं पिवळं, डोळेच नाहीत. डावा हात तेवढा हुबेहूब, मनगटावरच्या गोंदणासकट. तो हात माझ्या अक्काचा होता.

अक्का हळ्ळीखेडला दिलेली. पंचमीला माहेरी आली असताना ती माझी भाकरी घेऊन हवेलीवर आली, तेव्हा पुतण्यानं हात काढू देण्याची विनंती केली. तीन दुपारी ती बसली. मी त्याच खोलीत लिहीत होतो. वावगं काही घडलं नाही. पण सासरी कळलं असतं तर तिला घरात कुणी ठेवलं नसतं.

यादीत मी लिहिलं: ‘चित्र, रंगीत, चौकटीसह, एक.’ बाई हा शब्दच घातला नाही.

हर्राजाच्या सकाळी अंगण भरलं. पुकारा करणाऱ्यानं चित्र उचललं आणि हशा पिकला.

“अरे मियाँ, उल्टा तो नै पकडे?”

“बाई हाय म्हणं.”

“कावीळ झालीया का तिला?”

व्यापाऱ्यानं पहिली बोली केली तसं हसू थांबलं. “एवढ्यात बैलजोडी येती की!” कोणीतरी ओरडलं. एवढं आहे तरी काय त्यात, म्हणून जो तो पुढं घुसला. त्याच गर्दीत अक्काची सासू दिसली. मी त्यांना मामी म्हणायचो. त्या तांब्याचा हंडा घ्यायला आल्या होत्या.

त्यांच्या शेजारी हळ्ळीखेडचा कासार. गावातल्या बायकांना तोच बांगड्या भरायचा. मनगट बघून घर सांगायचा. मामींच्या घरात सासू आपल्या हातावरचं गोंदण नव्या सुनेच्या हातावर जसंच्या तसं गोंदवून घेते. चार सुना, चौघींना एकच.

“अव्वा,” कासार म्हणाला, “हे तर तुमच्या घरचं गोंदण!”

“कोणती सून वो अव्वा?” मागून एकानं विचारलं.

मामींनी चित्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि हात चित्राला लावून धरला.

“सून कामून? म्याच बसलेली.”

“अव्वा, ह्यो हात तर तरण्या पोरीचा!”

“मग? रंगवणारा काय सुरकुत्या काढत बसतोय व्हय? त्वांड बघ की, डोळे बी दिले न्हाईत मेल्यानं!”

अंगण खदाखदा हसलं. कासारही हसला. पुकारा पुन्हा सुरू झाला आणि चित्र व्यापाऱ्याला गेलं.

मग मामी माझ्या मेजापाशी आल्या.

“तू तिथं होतास?”

“होय. तिन्ही दुपारी.”

“दार?”

“उघडं होतं.”

“तुझी अक्का आता माहेराला यायची न्हाई. म्या धाडीन तवाच.”

“मामी, तिनं काही वाईट...”

“म्हाईत हाय. म्हणून तर घरात ऱ्हायली. काय बघायलास? लिही तुझं.”

पुढच्या पंचमीला अक्का आली नाही. त्याच्या पुढच्याही. आई दर वर्षी तिला आणायला मूळ पाठवते, आणि गेलेला माणूस ‘काम हाय’ एवढाच निरोप घेऊन परत येतो. त्या तीन दुपारी मीच तिला बसू दिलं, ते आईला अजून सांगितलेलं नाही.