ओटीतली केळी

आमच्या घरात फळाला कधी कुणी जेवण म्हटलंच नाही. लोह्याच्या बसस्टँडसमोर आप्पांचं फळांचं दुकान. घरात केळीचे घड असे टांगलेले असायचे की जाता-येता डोक्याला लागायचे. भूक लागली तर भाकरी, आणि उगं तोंड हलवायचं असलं तर केळं. सोमवारी अख्खं घर महादेवाचा उपवास धरायचं आणि दिवसभर केळी, चिकू, पेरू चालूच. संध्याकाळी कुणी विचारलं, काय खाल्लं, तर उत्तर ठरलेलं, "काही न्हाई, उपवास हाय." आपण खोटं बोलतोय असं आमच्यातल्या कुणालाच कधी वाटलं नाही.

दुसरी एक रीत होती. लेक माहेरून निघाली की माय तिची ओटी भरायची. पदरात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि दुकानातलं फळ. ओटीतलं फळ जिचं तिनंच खायचं, असा आमच्याकडं दंडक. नवऱ्याला द्यायचं नाही, लेकराला द्यायचं नाही, वाळवून-नासवून टाकायचं तर नाहीच नाही. माझी पोरगी लहान असताना तिला मी ओटीतला अर्धा चिकू दिला होता. पोरगीच ती, आजीला सांगून बसली. मायनं मला असं झाडलं की विचारू नका. "वटीतलं दुसऱ्याला देत नसतात. आपलं भाग्य असतंय त्ये. भाग्य काय वाटायची चीज हाय का?"

मला लातुरात दिलं. लातूर तेव्हा नुकताच नवा जिल्हा झाला होता, आणि आप्पा चार लोकांत मिशीला पीळ देऊन सांगायचे, "जिल्ह्याच्या जागी दिली पोरगी. नळाला पाणी, दाराला सडक." त्याच लातुरात आगगाडीनं पाणी आणायची पाळी आली, त्या साली माझ्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं गेली.

आठवड्यातून दोनदा त्याला नांदेडला न्यायचं, यंत्रावर घालायचं, रक्त धुऊन घ्यायचं. बाकीचे दिवस तो दुकानात बसायचा. त्याचं पाणी मोजून होतं. एक स्टीलचा तांब्या, तेवढ्यात दिवस काढायचा. फळ तर बंदच. केळं त्याला विष, चिकू विष, आंब्याचं नाव काढायचं नाही. दिवसभर केळी विकणाऱ्या माणसाला केळं बंद! पण बोलायला खमका. मी लातूरच्या पाण्याची रड सांगायला लागले की म्हणायचा, "अक्का, तुमच्या गावाला आत्ता कळलं. मी कवाचा टँकरवर हाय." मी हसायचे आणि मोरीत जाऊन रडायचे.

मूत्रपिंड द्यायला माय पहिली उठली. तिला साखर, डॉक्टरांनी नको म्हटलं. आप्पांचं वय झालेलं. भावजयीचा रक्तगट जुळेना. राहिले मी. माझं सगळं जुळलं. हैदराबादचे डॉक्टर माझे कागद बघून खूश झाले, मग त्यांनी मला काट्यावर चढवलं. "बाई, वजन उतरवा. एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आणि लवकर उतरवा. यंत्राची सुई लावायची ह्यांच्या हाताची शीर किती दिवस साथ देईल, सांगता येत नाही."

मी मुळात तोंडाची फटकळ, आणि जिद्दीला पेटले तर कुणाची नाही. तेल सोडलं, साखर सोडली, भात सोडला. पहाटे पाण्याच्या रांगेत घागर ठेवायची आणि नंबर येईपर्यंत त्याच गल्लीत फेऱ्या मारायच्या. रांगेतल्या बाया म्हणायच्या, "हिला काय झालंय, पायाला भिंगरी लागली का?" आठवड्याचे दोन उपवास केले. महिन्यानं हैदराबादच्या दवाखान्यात काट्यावर उभी राहिले तर काटा जागचा हलला नव्हता. मला तर तो काटा उचलून आपटावा वाटला.

तिथं आहार सांगणारी एक पोरगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं विचारलं, "उपवासाला काय खाता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"फळं खाते की."

"किती?"

आता ते कुणी मोजलंय? आठवून आठवून सांगत गेले, तशी ती पोरगी पेन खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागली. मग तिनं एकेका फळाची उष्णता सांगितली. कॅलरी म्हणायची ती. मोठ्या केळाला शंभराच्या वर. चिकू ऐंशीच्या आसपास. आंबा दीडशे, मोठा असला तर आणखी पुढं. मोसंबी बिचारी पन्नास-साठात भागते. "फळ चांगलंच असतं, काकू," ती म्हणाली, "पण पोटाला उपवास कळत नाही. ते सगळं धरतं." माझ्या एका सोमवारात दोन दिवसांच्या भाकरी निघाल्या. मला इतकी लाज वाटली की जिना उतरताना मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

त्या रविवारी मी लोह्याला गेले आणि हे सगळं घरात सांगितलं. भाऊ हसून हसून बेजार. घडातलं एकेक केळं दाखवून विचारायचा, "अक्का, ह्येला किती? आन् ह्या बारक्याला?" माय चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "फळानं कुनी लठ्ठ होतंय व्हय? काहीबी सांगतेत डाकतर." मी तिला समजावलं, की मला ओटीत फळ घालायचंच असलं तर मोसंबी घाल, ती सगळ्यात हलकी. तिनं मान हलवली. निघताना पदरात पाच केळी पडली.

"माय, मोसंबी म्हणले होते ना!"

"बागा वाळून चालल्या, बाई. मोसंबी कुठून आनू?"

खरंच होतं ते. रस्त्यानं येताना वाळलेल्या बागा मी बघितल्या होत्या. लोकांनी झाडं तोडून सरपण केलं होतं. मी केळी घेतली. टाकायची तर सोय नव्हती, आणि कुणाला द्यायची म्हणजे भाग्य वाटल्यासारखं. माझा काही विश्वास होता अशातला भाग नाही, पण भाऊ असा यंत्रावर आणि आपण ओटी मोडायची, एवढी छाती माझ्यात नव्हती. मग मी केळांचा हिशेब भाकरीतून वळता करायला लागले. पाच केळांसाठी चार भाकरी सोडल्या. चक्कर येऊन एकदा बेसिनला धरून उभी राहिले. पुढच्या रविवारी पाच केळी आणि वर दोन चिकू. त्याच्या पुढच्या रविवारी आंबे आले. काटा अर्धा किलो उतरायचा आणि अर्धा किलो चढायचा. इकडं भावाच्या हाताची शीर बसली. गळ्यात नळी घातली आणि तो बोलायचा कमी झाला.

एका रविवारी ओटी भरून मी निघाले. एरवी घरून थेट बसमध्येच चढायचे, त्या दिवशी बस लागली नव्हती म्हणून दुकानात टेकले. बघते तर समोर मोसंब्यांचा ढीग रचलेला. पिवळ्याधमक.

"ह्या कधी आल्या रे?"

"मोसंब्या? त्या रोजच हायत की," भाऊ म्हणाला. "जरा महाग हायत, पण येतेत. मायला दर रविवारी इचारतो, अक्कासाठी देऊ का? ती म्हन्ती नको, तिला केळीच आवडतेत."

माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळत गेलं. चिकू ऐंशी म्हटल्यावर चिकू आले. आंबा दीडशे म्हटल्यावर आंबे आले. चुलीपाशी बसून मायनं सगळं बरोबर ऐकलं होतं. माझ्याइतकंच तिलाही तोंडपाठ झालं होतं.

मी तशीच उलटी घरी गेले. माय दारातल्या ड्रमावर झाकण ठेवत होती. मी पदर तिच्यासमोर मोकळा केला, केळी भुईवर पडली.

"मोसंब्या दुकानात ढिगानं पडल्यात. काहून असं केलंस? तो मरून राहिलाय तिथं गळ्यात नळी घालून, आणि तू मला केळी चारून राहिलीस? वैरीण आहेस का माय तू?"

वैरीण हा शब्द तोंडातून निघून गेला. मायनं झाकण नीट बसवलं. मग ती ड्रमाला टेकून खाली बसली, आणि माझ्याकडं न बघता बोलली.

"माजी घ्या म्हनले. घेईनात. आता तुला कापनार. त्येला तर देवानंच कापलंय, तुला मी माज्या हातानं देऊ? एक लेकरू असं झालंय. दुसरं कापून काडलं, आन् दोन्ही गेली, तर मी कुठं जाऊ? तुजं वजन उतरंना, तवर मला झोप लागत हुती, बाई. वजन उतरंना म्हन्जे तू हायस."

"आणि तो?"

"त्यो बी मलाच झालाय," ती म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

मला राग आला होता, तो गेला नाही. खोटं कशाला बोलू? राग तसाच होता आणि तिच्या पाठीवर माझा हात होता. आप्पा बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते, ते वळले नाहीत. केळी मी एकेक करून उचलली. माझी बस चुकली.

पुढच्या रविवारी निघताना मायनं पाट मांडला. मी बसले. हळद-कुंकू लावलं, तांदूळ घातले, सुपारी, हळकुंड घातलं. मग तिनं कनवटीचं काहीतरी काढून माझ्या पदरात ठेवलं. एक लिंबू होतं.

"लिंबूबी फळच हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ह्येला किती?"

"काही नाही धर."

"मग धर," ती म्हणाली, आणि पदराची गाठ तिनं स्वतः मारली.

त्यानंतर दर रविवारी लिंबू. मी ते पाण्यात पिळून प्यायचे, पाणी मोजकं होतं तरी. वजन उतरलं. पावसाळा लागता लागता हैदराबादला आम्हा दोघांना एका दिवशी टेबलावर घेतलं. शुद्धीवर आले तेव्हा माय पायाशी होती. माझे तळवे तिनं असे घट्ट धरले होते की मला आधी टाक्यांचं दुखणं कळलंच नाही, तळव्यांचंच कळलं.

दिवाळीनंतर मी लोह्याला गेले. भावाचा चेहरा भरला होता. तांब्याचं माप सुटलं होतं, नांदेडच्या फेऱ्या सुटल्या होत्या. केळं थोडं थोडं खायला डॉक्टरांनी परवानगी दिलेली, पण ह्यानं अजून तोंडाला लावलं नव्हतं. भीती बसली होती त्याला. दुकानात बसून तो नुसता घडांकडं बघायचा.

निघताना मायनं पाट मांडला. ओटी भरली. ह्या वेळी केळं होतं, एकच, मोठं, पिवळं. मी पदर आवळणार तेवढ्यात तिनं माझ्या ओटीतून ते केळं परत घेतलं, सोललं, मधोमध मोडलं आणि अर्धं भावापुढं धरलं.

"माय, ओटीतलं देत नसतात!" मी म्हणाले. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप आलं.

"गप," माय म्हणाली. "पोटातलं दिलंस तू. आता केळाचं काय घेऊन बसलीस?"

भावानं हात पुढं केला.