दुधाच्या पिशवीची पट्टी

गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांच्या खिशात कायम एक ब्लेड आणि दुधाच्या पिशवीच्या कापलेल्या पट्ट्या असायच्या. भिंतीवरून गप्पा मारता मारता आमच्या गुलाबाची काडी ते कधी कापून घ्यायचे, कळायचंही नाही. तिच्यावरचा कोंबाचा डोळा काढून ते आपल्या रानगुलाबाच्या सालीत बसवून पट्टीनं आवळायचे. "जमतंय हो दोघांचं," असं रोज सांगायचे, जणू सोयरीकच जुळवलीय. आई तोंडावर त्यांना काडीचोर म्हणायची.

एका मे महिन्यात आम्ही गावाहून परतलो, तर आईचा लाडका पिवळा गुलाब पार वाळलेला. काकांनी भिंतीवरून कुंडी पुढे केली. रानगुलाबावर तोच पिवळा गुलाब फुलला होता.

"घ्या, मुद्देमाल."

आईनं कुंडी घेतली, लाल गुलाबाची काडी स्वतःच तोडून त्यांच्या हातात दिली.

"हीपण चोरून ठेवा, काका."