रानमेथीची गंज

गव्हात रानमेथी उगवते, तिला आमच्या निघोज्यात कुणी झाड मानत नव्हतं. बायका खुरपून बांधावर फेकायच्या, संपलं. पुण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतल्यावर मला मात्र तिचा पुळका आला. तीन-तीन पानं, त्यातल्या मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब. पिवळा बारीक तुरा. शेंग एवढीशी, की आत जेमतेम एखादं बी. थंडीत उगवायचं, चैत्राच्या आत वाळून मरायचं, पण बी असं टणक करून ठेवायचं की ते वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं. वाळली की गोड वास येतो. हे सगळं मी वहीत चित्रासकट उतरवलं आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

वडलांना म्हणालो, "फेकता काय? लसूणघासाची चुलतबहीण हाय ती. वाळवून खोंडाला घाला, अंग धरंल."

खोंड घरचंच होतं. आमच्या एकुलत्या बैलाला त्याची जोड व्हायची होती. वडलांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं आणि रानमेथीची गंज रचली. माघात अवकाळी पाऊस झाला, गंज भिजली, आतून बुरशी धरली. "वास तर गोडच येतुया," वडील म्हणाले. मी म्हणालो, "मग घाला की." खोंड महिनाभर तेच खात होतं.

मग वेसण घालायला नालबंद चाचा आले. बैलांना नाल ठोकायचे आणि खोंडांची नाकं टोचायची, हे आसपासच्या गावांतलं काम त्यांचंच. खोंड पाडलं, पाय बांधले, दाभण एकदाच आरपार. एरवी चार थेंब रक्त येतं. या वेळी थांबेचना. हळद झाली, चुना झाला, चिंधी जाळून राख झाली. चाचा दोन्ही हातांनी नाक दाबून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी खोंड गेलं.

वडील चावडीपुढं सगळ्यांदेखत ओरडले, "तुझा हात नासलाय! शीर तोडलीस!"

चाचा म्हणाले, "आसंल बाबा." त्यानंतर कुणी त्यांना बोलावलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या सरांनी वर्गात सहज सांगितलं. रानमेथीत जे गोड वासाचं असतं, बुरशी लागली की त्याचंच विष होतं, रक्त गोठत नाही. जनावर धडधाकट दिसतं, जखम झाली की खलास. मी ते लिहून घेतलं. अक्षरसुद्धा बिघडलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं राव, पण वाटलंच नाही, आजही वाटत नाही. वडलांनी सोलून काढलं असतं म्हणून घरी बोललो नाही, आणि चाचांकडे जायला पाय उचलला नाही. मूग गिळून बसलो.

दोनेक वर्षांनी चाकणच्या बाजारात चाचा दिसले. जमिनीवर दोरखंड मांडून विकत बसले होते. त्यांनीच हाक मारली.

"काय शिकतोस रं तिकडं?"

"झाडपाला, चाचा."

"बेस केलंस," ते म्हणाले. "त्यात कुणाचं रगत न्हाई."

मी "व्हय" म्हणालो आणि एसटी धरायला गेलो.