दातवाल्या बाईंची नवी गाडी

नव्या गाडीची दारं लावून बघताना दातवाल्या बाईंच्या कपाळाला पहिली आठी पडली. उजवीकडचं दार लावलं की ‘ठप्’ असा भरीव आवाज यायचा. डावीकडचं लावलं की ‘ठक्’ व्हायचं आणि मागून कुठेतरी बारीकसं काही किणकिणायचं. त्यांनी डावं दार चारदा उघडलं, चारदा लावलं.

“नवीन आहे ना मॅडम, जरा बसायला वेळ लागतो,” विक्रेता म्हणाला.

“दार बसायला?” बाईंनी विचारलं.

“अगं, चल आता,” शेजारी हार घालून घेतल्यासारखे उभे असलेले मास्तर घाईघाईने म्हणाले. “लोक खोळंबलेत मागे.”

मागे कोणीही नव्हतं.

बाईंना सगळे दातवाल्या बाई म्हणायचे, कारण त्या कवळ्या बनवायच्या. डॉक्टर लोक रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे. बाई त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायच्या, मेणात एकेक दात बसवायच्या, मग पक्का गुलाबी साचा करून घासून पुसून परत द्यायच्या. घरातल्या मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, नखाएवढी घासणी आणि जाडी मोजायचा स्टीलचा कॅलिपर. तीस वर्षं हे केल्यावर माणसाची नजर बिघडते म्हणा किंवा घडते म्हणा, पण केसभर उंच दातसुद्धा बाईंच्या डोळ्यांत कुसळासारखा सलायचा.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माणूस लाखात एक, पण वाईट बातमी सांगायची म्हटली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. नापास झालेल्या मुलाच्या बापालाही ते “प्रगती आहे, प्रगती आहे” असंच सांगत.

गाडी घ्यायचं ठरलं त्याला कारण घडलं होतं. तयार कवळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बाई बसने डॉक्टरांकडे फेऱ्या मारायच्या. एके दिवशी उतरताना बस हलली आणि बाई हनुवटीवर आपटल्या. डबा त्यांनी सोडला नाही, म्हणून हात टेकता आला नाही. चार टाके पडले. मास्तरांनी दवाखान्यात बाईंच्या पदरावरचं रक्त बघितलं आणि तिथेच बाकावर मटकन बसले. बाई गाडी चालवायला केव्हाच शिकल्या होत्या. आठवड्याच्या आत मास्तरांनी गाडी ठरवली. शोरूममधली सगळ्यात छोटी, सगळ्यात स्वस्त, पांढरी. “चार महिने थांबावं लागतं म्हणे लोकांना,” ते कौतुकाने सांगत होते, “आपल्याला लगेच मिळाली.”

तर ही लगेच मिळालेली गाडी पहिल्या दिवसापासून डावीकडे ओढायची. स्टिअरिंग जरा सैल धरलं की स्वारी निघाली पदपथाकडे. बाई शोरूमच्या कारखान्यात गेल्या. तिथल्या लोकांनी चाकं तपासून दिली. गाडी ओढतच राहिली. दुसऱ्यांदा गेल्या तर तिथला माणूस म्हणाला, रस्ता तसा आहे.

“सगळे रस्ते?” बाई म्हणाल्या.

“छोट्या गाड्या थोड्या ओढतातच, मॅडम. या किमतीत...” असं म्हणून त्या माणसाने वाक्य हवेत सोडून दिलं. बाईंना त्या अर्ध्या वाक्याचा फार राग आला. त्यांच्याकडे स्वस्तातली कवळीही बनायची. तिचे दात साधे असायचे, पण ती हिरडीवर बसायची म्हणजे बसायची.

मग एकदा गाडी धुतल्यावर मास्तरांच्या पायाखालची चटई ओली निघाली. बाईंच्या बाजूची खडखडीत कोरडी. त्या दिवशी बाईंनी घरातून कॅलिपर आणला आणि गल्लीत भर दुपारी गाडीच्या दारांच्या फटी मोजायला बसल्या. शेजारची वहिनी गॅलरीतून बघत होती. “काय हो, गाडीला दात बसवताय का?”

“बसवेन,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “आधी जबडा सरळ आहे का ते बघते.”

उजवीकडची फट वरून खालपर्यंत एकसारखी होती. डावीकडची वर बोट जाईल एवढी आणि खाली नखही जाणार नाही एवढी. बाईंनी मास्तरांना हाक मारून दाखवलं. मास्तरांनी वाकून पाहिलं न पाहिलं आणि म्हणाले, “तुला सगळीकडे फटीच दिसतात. चालतेय ना गाडी? झालं तर.” आणि ते आत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले. वर्तमानपत्र सकाळीच वाचून झालं होतं. ते बाईंना दिसलं, पण त्याचा अर्थ त्यांनी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई पत्रे ठोकून सरळ करणाऱ्या कारागिराकडे गेल्या. “चला ना बरोबर,” त्या म्हणाल्या, तर मास्तरांचा गुडघा अचानक दुखायला लागला.

कारागीर साठीचा, अंगाने वाळलेला, बोटांना कायम रंग. त्याने बाईंचा धंदा विचारला आणि हसला. “म्हणजे ताई, तुम्ही दातवाल्या आणि मी डेंटवाला. एकाच जातीचे झालो.” मग त्याने खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं आणि उजव्या बाजूच्या दोन दारांमधल्या खांबाला लावलं. चटकन चिकटलं. गाडीला वळसा घालून त्याने तेच डाव्या खांबाला लावलं.

चुंबक टप्पकन खाली पडलं.

कारागिराचं हसू मावळलं. त्याने चुंबक उचललं, वर लावलं, पडलं. खाली लावलं, पडलं. “ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “इथे पत्रा नाही. लांबी भरलीय. भिंतीच्या भोकात भरतात ना, तसली.”

“नव्या गाडीत?”

“रबर काढू का?”

बाईंनी मान डोलावली. दाराच्या चौकटीला लावलेलं काळं रबर त्याने सोलून खाली ओढलं. आत खांबावर आडवी, वेडीवाकडी, जळक्या रंगाची रेघ होती. घाईत टाके घालून शिवलेल्या जखमेसारखी. खाली तशीच दुसरी.

“खांब कापून दुसरा जोडलाय,” कारागीर म्हणाला. “जोडही धड नाही. या बाजूने कोणी ठोकलं तर हा खांब माणसाला वाचवायचा नाही, उलट आत घुसेल. इथे कोण बसतं?”

डाव्या सीटवर मास्तरांची पाठीला लावायची छोटी उशी होती. बाईंनी त्या उशीकडे पाहिलं. महिनाभर त्या मास्तरांना या खांबाला टेकवून गावभर फिरवत होत्या. हमरस्त्यावरून, ट्रकांच्या शेजारून. कारागिराने पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात धरलं, प्यायल्या नाहीत.

घरी आल्यावर त्या थेट टेबलाशी बसल्या. ठसा घ्यायचं मेण गरम केलं, गल्लीत जाऊन दोन्ही बाजूंच्या फटींत दाबलं, काढलं, आणि त्यावरून प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी त्या दोन पांढऱ्या पट्ट्या, कारागिराचा सही केलेला कागद आणि मास्तर, असं सगळं घेऊन त्या शोरूमला निघाल्या. मास्तरांना त्यांनी मागच्या सीटवर, उजवीकडे बसवलं. वाटेत त्यांनी कारागिराने काय दाखवलं ते सांगितलं. मास्तर मागे खिडकीबाहेर बघत राहिले. धक्का बसला असेल, असं बाईंना वाटलं.

मॅनेजर टापटीप होता. बाईंनी त्याच्या काचेच्या टेबलावर पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. “ही उजवीकडची फट. ही डावीकडची. एकाच गाडीच्या आहेत. आता मला सांगा, ही गाडी तुम्ही नवी म्हणून कशी विकली?”

मॅनेजरने पट्ट्यांना हात लावला नाही. त्याने फाइल मागवली, एक कागद काढला आणि बाईंच्या पुढे सरकवला. “मॅडम, हे साहेबांना माहीत होतं. कंपनीच्या गोदामात ट्रकवरून उतरवताना गाडी डाव्या बाजूला घासली होती. किरकोळ ओरखडे. कंपनीनेच दुरुस्त करून पाठवली. म्हणून तर लगेच मिळाली. ही साहेबांची सही.”

खाली मास्तरांची सही होती. शेवटच्या अक्षरातून निघून मागे वळणारी ती लांबलचक रेघ बाईंनी प्रगतिपुस्तकांवर हजारदा पाहिली होती.

कानांत घूं असा आवाज भरला. समोर मॅनेजरचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलाच्या काचेतून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाचा खोकला कोणत्या खोलीतून आला ते बाई ओळखत होत्या, आणि हा माणूस महिनाभर रोज त्या फटीशेजारी बसून गप्प होता.

लोकांसमोर नवऱ्याला बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्या एक घोट पाणी प्यायल्या आणि मॅनेजरकडे वळल्या. “इथे ओरखडे लिहिलंय. ओरखडे म्हणजे काय हो?”

“म्हणजे... वरवरचं, मॅडम.”

“मग तुमचा जुनाजाणता मिस्त्री बोलवा. त्याला वरवरचं दाखवते.”

मॅनेजर नाही म्हणू शकला नाही, कारण बाहेर दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. मिस्त्री आला. बाईंनी रबर आपल्या हाताने खाली ओढलं. मिस्त्री वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ होऊन मॅनेजरला म्हणाला, “साहेब, हे ओरखडे नाहीत. हे आपल्याकडे झालेलं नाही. गाडी कंपनीकडूनच अशी आली.” त्याचाही चेहरा उतरला होता. मॅनेजरने स्वतः वाकून बघितलं आणि त्याचा टाय त्या जळक्या रेघेला लागून काळा झाला. त्यालाही हे ठाऊक नव्हतं, एवढं त्याच्याकडे बघून कळत होतं.

गाडी तिथेच ठेवून दोघं पायी घरी आली. दोन दिवस घरात फक्त घासणीचा आवाज होता. तिसऱ्या दिवशी मास्तर मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“मला खरंच वाटलं, खरचटलंय नुसतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू घेतलीच नसतीस.”

“नसतीच घेतली!”

“मग चार महिने बसने गेली असतीस. ती हनुवटी...” मास्तरांनी स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं.

“आणि कळल्यावर? मी फट दाखवली तेव्हा?”

“तेव्हा सांगायला गेलो, तर सगळंच सांगावं लागलं असतं.”

बाईंनी हातातला जबडा खाली ठेवला. रागावण्यासारखं पुष्कळ होतं, पण राग कुठून सुरू करावा ते त्यांना सापडत नव्हतं. “जेवून घ्या,” त्या म्हणाल्या.

कंपनीशी पत्रापत्री सुरू झाली. प्लास्टरच्या पट्ट्या आणि मिस्त्रीचा जबाब दोन्ही वरपर्यंत गेले. दीड महिन्याने कंपनीने गाडी परत घेतली आणि त्याच जातीची दुसरी दिली. ती ताब्यात घ्यायला बाई एकट्या पुढे झाल्या. कॅलिपर, चुंबक, बॅटरी. विक्रेते लांबून बघत राहिले. डिकीतली चटई उचलून, दारांची रबरं चाचपून दोन तासांनी त्यांनी सही केली. गाडी काही राजेशाही नव्हती. चढावर दमायची, पंखा लावला की कुरकुरायची. पण सरळ चालायची.

पहिल्याच दिवशी मास्तर त्यांच्या शेजारी उशी लावून बसले. शोरूमपासून दोन चौक पुढे आल्यावर बाईंनी समोर बघतच विचारलं, “अजून काही आहे का, मला न सांगितलेलं? एकदाच काय ते सांगून टाका.”

मास्तर विचारात पडले. एक सिग्नल गेला, दुसरा गेला.

“एक आहे,” मास्तर म्हणाले. “तू केलेली माझी खालची कवळी. ती लागते. डावीकडे, आतल्या बाजूला.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

बाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. ती कवळी त्यांनी बसवली त्याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं रोज समोर बसून हा माणूस जेवत होता. उजव्या दाढांनी चावायची सवय आहे, असं म्हणायचा. आणि केसभर उंच दात ज्यांना सलायचा, त्या बाईंनी त्याला वाढून, त्याच्याशी बोलून, एकदाही मान वर करून ते पाहिलं नव्हतं. त्यांना शोरूममध्ये बसला नव्हता एवढा धक्का तिथे, बंद गाडीत बसला.

“सहा वर्षं?” त्या म्हणाल्या. “अहो, दोन मिनिटांचं काम होतं!”

“तू इतकी खूश होतीस तेव्हा,” मास्तर म्हणाले.

घरी पोहोचल्यावर बाईंनी चहासुद्धा ठेवला नाही. मास्तरांना मागच्या खोलीत खिडकीशी बसवलं, बॅटरी लावून तोंडात पाहिलं. हिरडीवर डावीकडे मसुराच्या डाळीएवढा जुना, घट्टा पडलेला लाल डाग होता. बाईंनी त्याला करंगळीने हलकेच स्पर्श केला. मास्तर कळवळले. या खेपेला त्यांनी ते लपवलं नाही.

“इथे?”

“हो. तिथेच.”

बाईंनी कवळी उजेडात धरली, त्या जागेवर पेन्सिलीने खूण करून घेतली आणि घासायला सुरुवात केली.