मागच्या डाव्या चाकाजवळचा ओला डाग

आमच्या शिरगावच्या सोसायटीत कुत्री सात. त्यातलं एकही कोणाचं नाही आणि सातहीजण गाड्यांच्या चाकांशी पाय वर करण्यात पटाईत. त्यामुळे माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी ओलं दिसायला लागलं तेव्हा मी काय समजलो असेन ते सांगायला नको. वॉचमनला चार शब्द सुनावले. मग बायकोकडून नीळ मागून घेतली, प्लास्टिकच्या बाटलीत निळं पाणी केलं आणि बाटली चाकापाशी ठेवली. निळ्या बाटलीला कुत्री घाबरतात असं आमच्याकडे सगळेच मानतात. खरंच घाबरतात की नाही देव जाणे, पण जवळजवळ प्रत्येक गाडीपाशी एक बाटली असतेच. दुसऱ्या दिवशी परत ओलं. मी नीळ वाढवली.

हे उद्योग करणारा माणूस आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्सला आहे. पंप कुठून गळतो ते शोधायचा मला पगार मिळतो. त्याची रीत अगदी साधी. खाली कोरा पुठ्ठा टाकायचा, तासाभराने बघायचं. थेंब कुठे पडला, रंग कसला, बोटाला चिकट लागतो की बुळबुळीत. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शिकवतो, तेही दटावून. आणि स्वतःच्या गाडीखाली वाकून बोट लावायची मला किळस आली, कारण कुत्र्याचं मूत.

दुसरी चूक याहून वाईट. महिनाभर आधी डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला होता. बॉनेट उघडून बघितलं तर ब्रेक ऑइल खुणेच्या खाली. बाटली आणली, ओतलं, दिवा गेला. पुढच्या रविवारी बघितलं तर परत थोडं कमी. परत ओतलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

हे मी का केलं ते बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. कारखान्यात शिफ्ट संपताना मशीन पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायचं असतं, आणि तेव्हा तेल खुणेवर असलंच पाहिजे. कमी असेल तर वहीत लिहायचं असा नियम आहे, पण लिहितो कोण? लिहिलं की साहेब विचारणार, तुझ्याच शिफ्टला कसं कमी झालं? त्यापेक्षा गुपचूप भरायचं, सही ठोकायची आणि घरी जायचं. सगळे करतात. मीही करतो. बावीस वर्षांत हाताला ते वळणच पडलंय, की खुणेवर आणलं म्हणजे काम झालं.

इंजिनचं ऑइल थोडंफार जळतं, कमी होतं. ब्रेकचं ऑइल बंद नळीत असतं. ते दर आठवड्याला कमी होत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, दुसरं काही असूच शकत नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला माहीत होतं. पण दिवा लागत नव्हता ना, मग झालं तर.

आता गाडी चालवायचं कोण, तर बायको. मी कारखान्यात बाइकवर जातो. तिची आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दवाखान्यातल्या व्यायामासाठी आईला उल्हासनगरला न्यायचं काम बायकोकडे आलं. रिक्षात त्या बाईंना चढता-उतरता येत नव्हतं. बायको वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली ती केवळ यासाठी.

त्या शुक्रवारी माझी पहिली शिफ्ट होती. तीनला सुटायचं. पुढच्या शिफ्टचा माणूस ताबा घ्यायला आला. रिटायरमेंटला आलेला, शांत, हळू बोलणारा गृहस्थ. त्याने पंपातल्या तेलाची पातळी बघितली, मग कोपऱ्यातला तेलाचा कॅन हलवून बघितला.

"सोमवारी हा कॅन भरलेला होता," तो म्हणाला. "आज तळाला आलाय. तुम्ही सगळे रोज टाकताय, ते जातंय कुठे?"

मी उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझा स्वभाव तसाच आहे, कोणी काही विचारलं की आधी फटकन बोलायचं. पण मला तो पंप दिसेचना, गाडीचं मागचं चाक दिसायला लागलं. कुत्रं बाहेरच्या बाजूला उभं राहतं. ओलं होतं ते चाकाच्या आतल्या बाजूला. रोज आतल्याच बाजूला.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बायको आईला घेऊन अडीचला निघते.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. गाडी चालवताना फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर, हा नियम मीच तिला घालून दिला होता, आणि ती तो पाळते. सासूबाईंचा मोबाइल घरीच चार्जिंगला असतो. तिसऱ्यांदा फोन वाजून बंद झाला तेव्हा तो समोरचा माणूस माझ्याकडे बघत होता. सही न करताच मी निघालो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी घाबरलो होतो. उगाच शब्द फिरवण्यात अर्थ नाही. आनंदनगरमधून बाहेर पडेपर्यंत मी हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत होतो. थांब, थांब, हळू चालव, असं काहीतरी. कोणाला सांगत होतो कोण जाणे. त्या रस्त्यावर टँकर, कंपन्यांच्या बसेस, मधेच वळणाऱ्या रिक्षा. ब्रेक दाबल्याशिवाय शंभर पावलं जाता येत नाही. आणि मधे पूल. पुलाचा चढ जाईल, मी मनात म्हणत होतो, पण उतार?

अंबरनाथमध्ये रस्त्याच्या कडेला घोळका दिसला. मी बाइक हळू केली. जवळ गेलो तर वडापावची गाडी. पुढे अजून एक घोळका, तिथे दोन रिक्षावाले भांडत होते. प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे मी बघत होतो आणि प्रत्येक वेळी ती नसावी आणि असावी, दोन्ही एकदम वाटत होतं. मी देवाला फारसा न मानणारा माणूस. त्या दिवशी मी त्याला काय काय कबूल केलं ते मला आता आठवतही नाही.

पूल उतरून थोडं पुढे गेल्यावर गाडी दिसली. कोणाच्या तरी बांधकामाचा वाळूचा ढीग रस्त्यावर आला होता आणि आमच्या गाडीचं नाक त्या ढिगात घुसलं होतं. दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत होते. सासूबाई आत बसलेल्या, मांडीवर पिशवी, ओठ हलताहेत. बायको बाहेर उभी, गाडीला टेकून. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

"पॅडल खाली जातच राहिलं," ती म्हणाली. "थोडा लागला, पण गाडी थांबेना. पुढे स्कूटरवर एक बाई होती, मागे लहान मुलगी. मी हँडब्रेक ओढला. तरी गाडी सरकतच होती. मग वाळूत घातली."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. निदान पाणी तरी विचारायचं. पण भीती उतरली की माझ्यात राग चढतो, हा माझा फार जुना रोग आहे. भर रस्त्यात मी ओरडलो, "ब्रेक असा एका दिवसात जात नाही. आधी नरम लागला असेल. कळलं नाही तुला?"

"कळलं होतं," ती म्हणाली. "आठवडा झाला."

"मग बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "मला वाटलं, माझाच पाय नीट पडत नसेल. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तेच म्हणाला असता."

आतून सासूबाई हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या जावईबापू, वाचलो ना." मी मागच्या डाव्या चाकाशी वाकलो. चाकाच्या आतल्या बाजूला बोट लावून बघितलं. बुळबुळीत, फिकट मधासारखं. रिमवरून खाली ओघळलेलं. महिनाभर जे बोट लावायचं राहिलं होतं ते त्या रस्त्यावर, लोकांसमोर लावलं.

क्रेनने गाडी घरी आणली. शनिवारी उल्हासनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मागच्या चाकाचा ब्रेक सिलिंडर आणि ब्रेक शू मागितले. दुकानदार सिंधी, वयस्कर. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, यात हलकं काही आहे का. त्याने वर बघितलं. "साईं, ब्रेक का है ना? फिर दूसरा मैं दिखाऊंगा ही नहीं." मी मान खाली घालून जे दिलं ते घेतलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घेतली, बाकीच्या चाकांना दगड लावले. ड्रम उघडला तर आत सगळा चिखल. सिलिंडरचं रबर फाटलेलं, शू तेलाने थबथबलेले. नवीन सिलिंडर बसवला, शू बसवले, ड्रम लावला. आता नळीत शिरलेली हवा काढायची होती, आणि ते काम एकट्याचं नाही. एकाने सीटवर बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडायचं, हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, बंद करायचं. मी बायकोला हाक मारली.

ती आली, सीटवर बसली. मी मागे चाकाशी आडवा. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझा. दाब, मी म्हणायचो. दाबला, ती म्हणायची. सोड. सोडला. पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते, मग कमी झाले, मग नुसतं तेल यायला लागलं. दहा-बारा वेळा झालं असेल. माझी मान आखडली होती, कोपर सोलवटलं होतं. निपल घट्ट केलं आणि म्हणालो, "झालं. आता अगदी कडक लागेल बघ."

तिने दाबलं असावं. काही आवाज आला नाही.

"लागला ना?" मी विचारलं.

ती गप्प. मी पाना हातात घेऊन पडून राहिलो. माझ्या हिशेबाने काम झालं होतं. नळीत एकही बुडबुडा नव्हता. मला ठाऊक होतं की ती तिथे बसून ठरवतेय, खरं सांगायचं की हो म्हणायचं. त्या चार सेकंदांत मला पुलावरच्यापेक्षा जास्त भीती वाटली. ती हो म्हणाली असती तर मी चाक लावून हात धुतले असते, आणि मंगळवारी ती आईला घेऊन निघाली असती.

"अजून नरम आहे," ती म्हणाली. अगदी हळू. आणि लगेच, "माझं चुकत असेल, तुम्ही एकदा बघा."

"तुझं नाही चुकत," मी म्हणालो, आणि पाना परत निपलला लावला. "दाब."